वाचकांचे प्रश्न: संस्थेची गाडी हातात घेण्याआधी नाही म्हणायची मुभा मागून घ्या

या वेळी आलेल्या पत्रांत चार पत्रं एकाच कामाची निघाली, सेवाभावी संस्थेसाठी गाडी चालवण्याच्या कामाची. दोन ड्रायव्हरांची, एक होणाऱ्या ड्रायव्हरचं आणि एक देणाऱ्यांच्या बाजूचं. म्हणून या अंकात चारही एकत्र घेतेय, बाकीच्यांनी थोडं थांबावं.

प्रश्न: ताई नमस्कार. मी सुदामा नगरला राहतो, वय 46. पिथमपूरच्या एका फॅक्टरीत बरीच वर्षं स्टाफची गाडी चालवली, गेल्या वर्षी ते युनिट बंद झालं. आता इंदूरच्याच एका संस्थेत ड्रायव्हरची जागा मिळतेय, पुढच्या एक तारखेपासून. रात्री मॅरेज गार्डन आणि हॉटेलांतून उरलेलं जेवण उचलून रैन बसेरा (बेघरांचा रात्रीचा निवारा), एमवाय हॉस्पिटलबाहेर थांबलेले पेशंटचे नातेवाईक आणि दोन-तीन वस्त्यांत पोचवायचं, दिवसा लोकांच्या घरून जुने कपडे, भांडी, फर्निचर आणायचं. गाडी छोटा हाथी आहे, म्हणजे मालाचा छोटा टेम्पो. पगार आधीपेक्षा कमी. माझं लायसन्स साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं आहे, त्यावर ट्रान्सपोर्ट लिहिलेलं नाही, चालेल का? मुलगा म्हणतो बाबा गाडी तर तुमच्या हातातली आहे मग एवढा विचार कशाला, पण मला वाटतं हे काम नुसतं गाडीचं नाहीये. काय काय विचारून घेऊ?
— एक वाचक, सुदामा नगर

उत्तर: दादा, तुम्हाला जे वाटतंय ते अगदी बरोबर आहे, आणि असा विचार करून येणारा माणूसच या कामाला हवा असतो. मी ज्या संस्थेत गाड्यांचं बघते तिथे नवीन ड्रायव्हर आला की मी त्याला सगळ्यात आधी हेच सांगते की गाडी तुम्हाला येते म्हणूनच तुम्हाला घेतलंय, पण इथे खरं काम आहे काय उचलायचं आणि काय नाही उचलायचं ते ठरवायचं, कारण रात्री साडेअकराला बायपासच्या एखाद्या गार्डनमध्ये कॅटरर भगोन्याचं (मोठ्या पातेल्याचं) झाकण उघडतो तेव्हा तिथे संस्थेचे अध्यक्ष नसतात, सेक्रेटरी नसतात, फक्त तुम्ही असता आणि तुमच्यानंतर ते अन्न सरळ कुणाच्या तरी पानात जाणार असतं. म्हणून जॉइन व्हायच्या आधी एक गोष्ट कबूल करून घ्या, जमलं तर लेखी घ्या, की अन्न किंवा सामान मला ठीक वाटलं नाही तर मी नाही म्हणेन आणि देणारा कितीही मोठा असू दे, त्याने फोन करून कितीही आरडाओरडा केला तरी संस्था माझ्या मागे उभी राहील. हे ते कबूल करत नसतील तर पगार चांगला असला तरी मी तुम्हाला ती नोकरी घ्या म्हणणार नाही.

लायसन्सची काळजी सोडा. सुप्रीम कोर्टाच्या पाच जजांच्या बेंचने 6 नोव्हेंबर 2024 ला निकाल दिलाय की एलएमव्ही लायसन्सवर 7,500 किलोच्या आत एकूण वजन असलेली मालाची गाडी चालवता येते, ट्रान्सपोर्टचा शिक्का वेगळा लागत नाही. 2017 ला तीन जजांच्या बेंचनेही हेच म्हटलं होतं पण इन्शुरन्स कंपन्यांनी तो मुद्दा परत वर नेला होता, तो आता मिटला. छोटा हाथी या वजनाच्या खूपच आत बसतो. तुमच्या लायसन्सची तारीख संपत आलीय का तेवढं बघा.

गाडीचे कागद मात्र स्वतःच्या डोळ्यांनी बघा, "सगळं आहे हो ऑफिसात" यावर थांबू नका. आरसी (गाडीच्या नोंदणीचा कागद), इन्शुरन्स, पीयूसी (धुराच्या तपासणीचा), फिटनेस (गाडी चालवण्यालायक असल्याचा). मालाच्या गाडीचा फिटनेस पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि मग दर वर्षी करावा लागतो आणि संस्थांच्या गाड्या बहुतेक दानात आलेल्या जुन्या असतात त्यामुळे नेमकं हेच राहून जातं. तीन हजार किलोपर्यंत एकूण वजनाच्या मालगाडीला परमिट लागत नाही, त्यामुळे परमिट कुठाय म्हणून घाबरू नका. पण नंबर प्लेट पिवळी आहे ना ते बघा, कधीकधी कुणीतरी घरची पांढऱ्या प्लेटची व्हॅन संस्थेला देऊन टाकतं आणि तिच्यात रोज माल जातो, ते नियमात बसत नाही आणि उद्या काही झालं तर क्लेमच्या वेळी तुमचीच ओढाताण होते.

इन्शुरन्सचं जरा नीट समजून घ्या कारण ड्रायव्हर लोकांना हे कुणी सांगतच नाही. पॉलिसीत ओनर-ड्रायव्हरचं जे 15 लाखांचं अपघात कव्हर असतं ते गाडीच्या मालकाचं, पगारी ड्रायव्हरचं नाही. तेव्हा पॉलिसीचा कागद मागा आणि पेड ड्रायव्हर आणि हेल्पर यांचं कव्हर त्यात लिहिलंय का ते शोधा, नसेल तर थोडासाच प्रीमियम जास्त भरून संस्थेला ते घेता येतं. शिवाय तुम्ही स्वतः बँकेत जाऊन प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजना घ्या, वर्षाला फक्त 20 रुपये आणि अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आलं तर 2 लाख, 18 ते 70 वयापर्यंत मिळते. आणि एक कडक गोष्ट, मागे मालासोबत कुणालाही बसवू नका. उत्साही पोरं येतात सेवेला, म्हणतात भैया हम पीछे भगोना पकड़ के बैठ जाते हैं, त्यांना प्रेमाने सांगा की तुमच्या टू-व्हीलरवर या. मालगाडीत फुकट बसलेल्या माणसाला इन्शुरन्स नसतो आणि बॉम्बे हॉस्पिटल चौकात एक जोरात ब्रेक लागला की गरम डाळ कुणाच्या अंगावर जाईल याचा विचार करून बघा.

वजन. आरसीवर भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचं वजन लिहिलेलं असतं, एकातून एक वजा केलं की किती माल घालायचा ते कळतं, छोटा हाथीच्या चालू मॉडेलांत ते साधारण पाऊण टनाच्या आसपास निघतं. म्हणजे 50 किलोच्या पंधरा गोण्या झाल्या की संपलं. छावणीच्या धान्यबाजारातला एखादा व्यापारी खुश होऊन म्हणतो वीस गोण्या गहू घेऊन जा, तेव्हा हात जोडून दोन फेऱ्या करा, ओव्हरलोडचा दंड कायद्यात 20,000 पासून सुरू होतो आणि पुण्याचं काम आहे म्हणून कुणी माफ करत नाही.

पगाराबद्दल. कमी आहे हे तुम्ही जाणून घेताय त्यामुळे त्यावर मी काही बोलत नाही, पण सेवा म्हणून बाकी हक्क सोडू नका. नेमणुकीचं पत्र घ्या, त्यात ड्यूटीची वेळ, रात्रीचं काम किती दिवस, सुट्टी कोणती, चलान कुणी भरायचं हे येऊ द्या. सिग्नल तुम्ही तोडला तर चलान तुमचं, फिटनेस संपला म्हणून झालं तर संस्थेचं, एवढं सरळ असावं. संस्थेत 20 किंवा जास्त पगारी माणसं असतील तर पीएफचं (भविष्य निर्वाह निधीचं) विचारा, 10 किंवा जास्त असतील आणि तुमचा पगार 21,000 च्या आत असेल तर ईएसआयचं (कामगार विम्याचं) विचारा. ईएसआयमध्ये तुमच्या पगारातून फक्त पाऊण टक्का जातो आणि घरच्यांचाही दवाखाना होतो. विचारण्यात लाज नाही. आणि रात्रीची ड्यूटी झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला फर्निचर उचलायला बोलावत असतील तर तेव्हाच बोला, झोप न झालेल्या माणसाने लोड गाडी चालवू नये.

आता अन्नाचं, यावर मला जास्त बोलायचंय. उरलेलं अन्न म्हणजे पानात उरलेलं नाही, वाढायचं राहून गेलेलं. हा फरक इतका स्पष्ट ठेवा की कॅटररच्या पोराने ताटातली भाजी भगोन्यात परत टाकताना दिसली तर ते अख्खं भगोनं सोडून द्या. अन्न सुरक्षेच्या कायद्यात यासाठी 2019 साली वेगळे नियम आलेत, त्यानुसार असं अन्न वाटणाऱ्या संस्थेने नोंदणी करायची असते आणि कुठून काय घेतलं, कुठे दिलं याची नोंद ठेवायची असते, तेव्हा तुमच्या संस्थेचा नोंदणी नंबर विचारा आणि गाडीत एक वही ठेवा. वही म्हणजे कागदोपत्री छळ वाटेल सुरुवातीला, पण कुणाचं पोट बिघडलं तर कोणत्या ठिकाणचं कोणतं भगोनं हे त्या वहीतूनच सापडतं आणि बाकीच्या ठिकाणी फोन करून वाटप थांबवता येतं.

गरम अन्न 60 डिग्रीच्या वर आणि थंड 5 डिग्रीच्या खाली राहिलं पाहिजे, मधल्या पट्ट्यात जंतू भराभर वाढतात, आणि आपल्या इंदूरचा मे महिना, 42 डिग्रीचा, तो तर सरळ त्या पट्ट्याच्या मधोमध. संस्थेकडून एक काट्याचा थर्मामीटर मागून घ्या, भगोन्याच्या मध्ये खोल घालून बघायचा, वरवर नाही. पहिला प्रश्न कॅटररला विचारायचा तो "कितना है" हा नाही, "कितने बजे बना और आंच से कब उतरा" हा. आम्ही आमच्यापुरता नियम केलाय की आचेवरून उतरून दोन तास झाले असतील आणि मध्ये परत गरम ठेवलं नसेल तर शिजवलेला भात, डाळ, पनीर, कढी घ्यायची नाही. वास घेऊन ठरवू नका, माणसाला आजारी पाडणारे बरेचसे जंतू वास बदलत नाहीत चव बदलत नाहीत. भाताबद्दल तर लोकांना खरंच वाटत नाही पण भातात एक जंतू असतो, बॅसिलस सेरिअस, त्याचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, भात कोमट पडून राहिला की ते जागे होतात आणि विष सोडतात आणि ते विष परत गरम करूनही जात नाही. म्हणजे "नेऊन गरम करून घेतील" हे उत्तर भाताला लागूच होत नाही. मावा, पनीर, दह्याचं काही, खोबऱ्याची चटणी, कापलेली फळं, सॅलड, आपली इंदूरची दुधाची शिकंजी, हे सगळं माझ्या मते कडक तपासून किंवा सोडूनच द्या. कोरडं टिकतं, पुऱ्या, लाडू, शेव, बाफले (कणकेचे भाजलेले गोळे). दाल-बाफल्याच्या जेवणात बाफले घ्या आणि डाळ तपासून घ्या, दोघांना एक मानू नका.

भांडी स्टीलची झाकणाची असावीत. रंगाच्या डब्यात किंवा बांधकामाच्या बादलीत काहीही घ्यायचं नाही, धुतली असं म्हटलं तरी नाही. आणि तुमची गाडी दिवसा जुनं फर्निचर वाहणार आहे म्हणजे संध्याकाळी अन्न चढवण्याआधी तिचं फळकं रोज धुतलं गेलंच पाहिजे, गादीतले ढेकूण आणि पुऱ्यांची टोपली एका गाडीत चालणार नाही. हे धुणं कोण करणार, पाणी कुठे, त्याचा वेळ ड्यूटीत धरतात का, आत्ताच विचारा.

रस्ता तुम्हाला माहीत आहे पण या कामाचं वर्षाचं वेळापत्रक वेगळं असतं. देवउठनी एकादशीनंतर एकदम लग्नं सुरू होतात, मग डिसेंबरच्या मधापासून संक्रांतीपर्यंत मुहूर्त नसतात तेव्हा गार्डनं बंद, परत आखातीजला (अक्षय तृतीयेला) एका रात्रीत दहा ठिकाणचे फोन. पितृपक्षात लग्न नाही पण अन्नदान इतकं येतं की घेणाऱ्या जागी आधीच दोघं देऊन गेलेले असतात, त्या पंधरवड्यात निघण्याआधी प्रत्येक ठिकाणी फोन करा. अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्या (देखाव्यांच्या मिरवणुका) निघतात आणि रंगपंचमीला गेर (रंगाची मिरवणूक), तेव्हा राजवाड्याच्या आसपासचा पत्ताच घेऊ नका. आणि सराफ्यात रात्री दुकानांसमोर खाण्याचे ठेले लागले की गाडी आत जात नाही, बाहेर लावून हातगाडीवर भगोनं आणावं लागतं, म्हणजे हेल्परशिवाय तिथे जायचं नाही.

पहिला आठवडा जुन्या ड्रायव्हरसोबत फिरायला मिळेल का हेही विचारा, प्रत्येक ठिकाणी कुणाच्या हातात द्यायचं ते कागदावर नसतं.

प्रश्न: नातवाची मुंज होती, राजेंद्र नगरला हॉल घेतला होता. बरंच जेवण उरलं म्हणून संध्याकाळी सहाला एका संस्थेला फोन केला. ड्रायव्हर आला, थर्मामीटर काढला, दोन प्रश्न विचारले आणि मसालेभात, मठ्ठा, अळूची भाजी नको म्हणाला, फक्त जिलब्या आणि न वाढलेल्या पुऱ्या नेल्या. पाहुणे बघत होते, फार अपमान झाला. घरचा जुना सोफा द्यायचा होता तोही बघून नको म्हणाला. 80जी ची पावती, म्हणजे देणगीवर इन्कम टॅक्सची सवलत मिळते ती, मागितली तर ऑफिसला विचारा म्हणे. देणाऱ्याशी असं वागतात का?
— एक आजी, उषा नगर

उत्तर: आजी, चार माणसांत असं झालं की वाईट वाटणारच, आणि त्याने बोलण्यात उद्धटपणा केला असेल तर ते संस्थेला जरूर कळवा. पण त्याने जे केलं ते बरोबर केलं. मुंजीचं जेवण दुपारचं, म्हणजे भात सकाळी दहा-अकराला उतरला असेल, तुम्ही फोन केला सहाला. एवढा वेळ कोमट राहिलेला मसालेभात तुमच्या स्वतःच्या नातवाला तुम्ही रात्री वाढला नसता, आणि रैन बसेऱ्यात झोपणाऱ्या माणसाला जुलाब झाले तर त्याच्याकडे ना घरचं बाथरूम ना सुट्टीचा पगार. त्या ड्रायव्हरने मठ्ठा सोडला आणि जिलब्या नेल्या यावरूनच मला कळतं की त्याला काम येतं.

पुढच्या कार्याला असं करा, संस्थेला फोन आदल्या दिवशीच करा, पंगत उठल्यावर नको. कॅटररला आधीच सांगा की शेवटची पंगत बसली की जे भगोनं उघडलंच नाही ते आचेवर झाकून ठेव. अर्ध्या तासात गाडी आली तर सगळं जातं, वाया काहीच नाही. आणि जे खरंच खाण्यासारखं राहिलं नाही ते ओल्या कचऱ्यात जाऊ द्या, त्यात पाप नाही. आपल्या शहराचा ओला कचरा देवगुराडियाच्या प्लांटमध्ये जातो, फेब्रुवारी 2022 ला सुरू झालेला, दिवसाला 550 टनांचा, तिथे त्याचा गॅस होतो आणि त्यावर सिटी बस चालतात. अन्न गॅसमध्ये जाणं हे माणसाच्या आजारपणात जाण्यापेक्षा केव्हाही चांगलं.

सोफ्याचं म्हणाल तर ढेकूण, वाळवी, तुटलेली स्प्रिंग, यातलं एक जरी दिसलं तरी ड्रायव्हरने न्यायचा नसतो, कारण पुढे तो ज्या घरात जाणार त्या घरात आधीच एकच खोली असते.

80जी बद्दल तो ऑफिसला विचारा म्हणाला कारण त्याला पावती द्यायचा अधिकार नाही. पण तुम्हाला सांगून ठेवते, ती सवलत पैशाच्या देणगीला असते, वस्तू आणि अन्नाला नाही, आणि रोख देणगी 2,000 च्या वर असली तर तीही धरत नाहीत, चेक किंवा ऑनलाइन द्यावं लागतं.

प्रश्न: ताई मी 24 वर्षांचा आहे, नुकताच एका संस्थेच्या गाडीवर लागलोय. गाडीचं जमतं पण वाटपाचं नाही जमत. गाडी थांबली की गर्दी तुटून पडते, तगडे पुढे येतात, म्हाताऱ्या मागे राहतात. एक बाई रोज म्हणते फिर खिचड़ी ले आए, मला राग येतो, फुकट मिळतंय तरी. सोबत येणारे लोक फोटो काढतात, लोकांना हात पुढे करून उभं राहायला सांगतात. काही देणारे माझ्या खिशात शंभर-दोनशे टाकतात ते घेऊ का?
— एक तरुण वाचक, मालवा मिल

उत्तर: भाऊ, आधी त्या बाईंबद्दल. तुला रोज दोन्ही वेळा खिचडी दिली तर चौथ्या दिवशी तूही आईला तेच म्हणशील, आणि आईला म्हणशील तेव्हा ते कृतघ्न होत नाही. भूक असली म्हणून जीभ जात नाही. त्या जे सांगतायत ती तुझ्या कामाची माहिती आहे, ऑफिसात जाऊन सांग की या पॉइंटला सलग खिचडी जातेय, आज पोळी-भाजी दुसरीकडची इकडे फिरवा. ऑफिसात बसलेल्यांना हे तुझ्याशिवाय कुणी सांगणार नाही. आणि त्यांना उत्तर द्यायचं तर एवढंच, "अम्मा, आज यही बना है, कल देखता हूँ।" आणि खरंच बघ.

गर्दीचं कारण लोकांचा स्वभाव नाही, कारण हे की त्यांना पुरेल का याची खात्री नाही. ज्या ठिकाणी गाडी रोज ठरलेल्या वेळेला येते आणि मागच्याला पण मिळतं हे चार-सहा वेळा दिसतं तिथे धक्काबुक्की आपोआप कमी होते. म्हणून वेळ पाळ, पोचायला उशीर होणार असेल तर तिथल्या एकाला फोन कर. गाडी थांबल्याबरोबर मागचं फळकं उघडू नको, आधी उतर, किती ताटं आहेत ते मोठ्याने सांग, खोटं सांगू नको. साठ असतील तर साठ म्हण. मग म्हातारी माणसं, लहान मुलं घेतलेल्या बाया यांना एका बाजूला बसव आणि तिथून सुरू कर, म्हणजे तू त्यांच्याकडे जा, ते तुझ्याकडे नको. वस्तीतली एखादी जाणती बाई बघून ठेव जिचं सगळे ऐकतात, तिच्या हातात डाव दे. हॉस्पिटलच्या बाहेर मात्र हे चालत नाही, तिथे रोज वेगळे लोक असतात, कुणी खरगोनचा, कुणी झाबुआचा, पेशंट आत आणि हा तीन दिवस बाहेर, त्याला रांगेत उभं राहायला लाज वाटते. अशा माणसाला जवळ जाऊन हळू विचार "खाना खाया?" आणि पुडा हातात देऊन पुढे हो.

नाव, गाव, जात, धर्म काही विचारायचं नाही. रैन बसेऱ्याच्या रजिस्टरला लागत असेल ते ते बघतील.

फोटोबद्दल माझं मत अगदी पक्कं आहे, जेवताना किंवा घेताना कुणाचाही चेहरा काढायचा नाही. देणगीदाराला पुरावा हवा असतो हे मी समजते, त्यासाठी भरलेल्या गाडीचा काढा, भांड्यांचा काढा, वहीच्या पानाचा काढा. सोबतचे ऐकत नसतील तर तू भांडू नको, ऑफिसातून नियम लावून घे आणि मग "हमारे यहाँ मना है भिया" एवढं म्हणायला तू मोकळा. हात पुढे करून उभं राहायला सांगणं तर आजपासून बंद, गाडी तुझ्या ताब्यात आहे, तू फळकं लावून घेतलंस तर कुणी काही करू शकत नाही.

खिशात टाकलेले पैसे घेऊ नको. तुझा पगार कमी आहे मला माहीत आहे आणि देणारा मनापासून देतो हेही खरं, पण आज शंभर घेतलेस की उद्या त्याच माणसाचा आंबलेला भात तुला नाकारता येणार नाही. देणाऱ्याला ऑफिसचा नंबर दे, पावती तिथून मिळेल. आणि पगार वाढवून मागायचा असेल तर तोही ऑफिसातच माग, सरळ माग.

प्रश्न: मी संस्थेसाठी घरोघरून सामान उचलतो. कंबर गेलीय. लोक तिसऱ्या माळ्यावरून फ्रिज एकट्याने उतरवायला सांगतात. आणखी काय सांभाळायचं असतं?
— एक ड्रायव्हर, विजय नगर

उत्तर: एकट्याने फ्रिज, कपाट, वॉशिंग मशीन उचलायचंच नाही, दोन माणसं आणि पट्टा असल्याशिवाय गाडी निघू नये असं ऑफिसला सांगा. फोन घेणाऱ्याने विचारायलाच हवं की कितवा माळा, लिफ्ट आहे का, आणि लिफ्ट नसेल तर सामान खाली आणून ठेवा असं देणाऱ्याला आधीच सांगायला हवं, हे ओझं फोनवरच हलकं होतं. कंबर सारखी दुखत असेल तर डॉक्टरला दाखवा, ईएसआय असेल तर त्यावर दाखवा.

फ्रिज उभाच न्या, आडवा केला तर कॉम्प्रेसरचं तेल नळीत जातं, नाइलाजाने आडवा आणलात तर उतरवून काही तास उभा ठेवल्याशिवाय चालू करू नका असं घेणाऱ्याला सांगा. आत काही राहिलंय का बघा, दारावर चिकटपट्टी लावा.

बाकी दोन-तीन गोष्टी ज्या मला फार महत्त्वाच्या वाटतात. कपाट उचलण्याआधी त्याचं लॉकर, ड्रॉवर, कप्पे मालकाच्या समोर उघडून बघा आणि कपड्यांचे खिसेही, आजोबा गेल्यानंतर कपाट देऊन टाकतात आणि आत एफडीची पावती नाहीतर अंगठी असते, नंतर फोन येतो तेव्हा विचारणा तुम्हालाच होते. रिकामं आहे असं वहीत लिहून त्यांची सही घ्या. औषधांची पिशवी कुणी दिली तर घेऊ नका, लोक चांगल्या मनाने देतात पण तारीख गेलेली, अर्धी पट्टी, कुणाची कशाची ते माहीत नसलेली औषधं वाटायची नसतात. गॅसची शेगडी घ्या, सिलिंडर नाही, ते एजन्सीला परत जातं. आणि गादी घेण्याआधी तिच्या शिवणीत बॅटरी मारून बघा, काळे ठिपके दिसले की तिथेच ठेवा, मालकीणबाई कितीही म्हणाल्या की आमच्याकडे ढेकूण नाहीत तरी.